सांध्यावर घसरणारी गाडी

गाडी घसरायची ती नेमकी बेकरीवाल्याच्याच हातून.

डॉक्टरीणबाई कंट्रोलवर बसल्या की पॅसेंजर बोगद्यातून बाहेर यायची, पुलावरून जायची, फाट्यावरचा सांधा ओलांडायची आणि शहाण्या मुलीसारखी स्टेशनात येऊन उभी राहायची. पोस्टमन बसला तरी तसंच. घड्याळजीचं तर विचारायलाच नको, तो एका हातात कॉफीचा कप धरून गाडी चालवायचा. पण बेकरीवाला स्टुलावर बसला की पुलापर्यंत सगळं झकास, आणि फाट्यावर आली की खट्! इंजिन सरळ, पहिला डबा सरळ आणि मागचे डबे भलत्याच रुळावर. मग एक डबा आडवा, दुसरा त्याच्या अंगावर, आणि खोलीत क्षणभर कुणीच काही बोलायचं नाही.

ते न बोलणंच बेकरीवाल्याला सलायचं. कुणी हसलं असतं तर त्याने एक शिवी हासडून विषय संपवला असता. पण डॉक्टरीणबाई खिडकीबाहेर बघायच्या, पोस्टमन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायचा, आणि घड्याळजी हळूच डबे उचलून रुळावर ठेवायचा, कुणाच्या आजारी पोराला उचलावं तसे.

ही खेळण्यातली छोटी आगगाडी म्हणजे चौघांचा नाद होता. खोली बेकरीवाल्याची, बेकरीच्या वरची. पूर्वी तिथे मैद्याची पोती असायची. खाली भट्टी असल्यामुळे जमीन कायम कोमट, म्हणून घड्याळजी तिथे पायांतले बूट काढून बसायचा. भिंतींना लागून टेबलं होती आणि टेबलांवर डोंगर, दरी, नदी, स्टेशन, फाटा आणि मालधक्का. डोंगर डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातल्या, दातांचे साचे काढायच्या प्लॅस्टरचे होते. गवत म्हणजे रंगवलेला लाकडाचा भुसा. रुळांमधली खडी बेकरीवाल्याने स्वतः, पिठाच्या जुन्या चाळणीने, वाळू चाळून चाळून पसरली होती. घरं पोस्टमन करायचा. तो गेल्याच वर्षी आलेला, पण त्याच्या घरांच्या दारांवरच्या टपालपेट्यासुद्धा उघडायच्या.

आणि विजेचं सगळं काम घड्याळजीचं. टेबलाखाली त्याने तारांचं असं जाळं विणलं होतं की त्यात त्याच्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. या वर्षी त्याने एक करामत केली होती. मालगाडी फाट्याजवळ आली की तिथला सांधा आपोआप फिरायचा आणि मालगाडी धक्क्याकडे वळायची. पॅसेंजर आली की सांधा तसाच, गाडी सरळ. कुणी बटण दाबायचं नाही, की खटका ओढायचा नाही.

“गाडीला तिची वाट माहीत असते,” घड्याळजी म्हणायचा आणि ते कसं होतं हे काही नीट सांगायचा नाही. विचारलं तर म्हणायचा, “तू पावात काय घालतोस ते मी विचारतो का?”

वाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरायचं होतं. ही सगळी टेबलं सुटी करून तिथे न्यायची, जोडायची, आणि गावातली माणसं बघायला येणार. पॅसेंजर दरवर्षी बेकरीवालाच चालवायचा. खोली त्याची म्हणून नव्हे. लोकांसमोर गाडी चालवताना त्याचा गोल चेहरा असा काही फुलायचा की माणसं गाडी सोडून त्यालाच बघायची.

आणि यंदाच ही भानगड.

पहिल्यांदा गाडी घसरली तेव्हा त्याने रूळ पुसले. दुसऱ्यांदा डब्यांची चाकं तपासली. नंतर सांध्याची पाती काढून, तेल घालून, पुन्हा बसवली. मग तो उठला आणि पोस्टमनला म्हणाला, “तू चालव बघू.” पोस्टमनने चालवली. गाडी गेली. पुन्हा चालवली. पुन्हा गेली.

“बघा, काही नाही,” पोस्टमन म्हणाला. “तुम्ही बसा, काका.”

बेकरीवाला बसला. खट्!

तेव्हा त्याच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. माणूस बदलला म्हणून रूळ बदलत नाहीत. मग कुणीतरी काहीतरी करत असलं पाहिजे.

संशय आधी पोस्टमनवर गेला, कारण तो नवा होता. बेकरीवाला गाडी चालवताना तिरक्या नजरेने त्याच्या हातांकडे बघू लागला. एकदा त्याने पोस्टमनला मुद्दाम खाली दुकानात पाठवलं. “जरा काउंटरवर उभा राहा, बायको एकटी आहे.” बायको एकटी नव्हती, दोन नोकर होते, आणि तिने वर बघून “आता हे काय नवीन?” अशा भुवया उडवल्या. पोस्टमन खाली होता आणि गाडी वर घसरली.

मग राहिले दोघे. डॉक्टरीणबाई टेबलापासून लांब, खिडकीशी झाडं चिकटवत बसायच्या. त्यांना वीज म्हटली की दिव्याच्या बटणापलीकडे काही कळत नसे, हे त्या स्वतःच सांगायच्या.

म्हणजे राहिला घड्याळजी.

हे नाव मनात आलं तेव्हा बेकरीवाल्याला स्वतःचीच लाज वाटली. शाळेत एका बाकावर बसलेले दोघे. बेकरीवाल्याच्या लग्नात घड्याळजीचं घड्याळ बंद पडलं म्हणून सगळे उशिरा पोचले होते, आणि अजून त्यावरून दोघांची थट्टा चालायची. खोलीच्या किल्ल्या दोनच, एक याच्याकडे आणि एक त्याच्याकडे. पण लाज वाटली म्हणून संशय जात नाही. उलट तो आणखी आत जाऊन बसतो, आणि मग जे दिसेल ते त्याच्या पानात वाढलं जातं.

हल्ली घड्याळजी त्याच्या हातांकडे बघतो, हे त्याच्या लक्षात आलं. एकदा तर सरळ विचारलंही, “काय रे, हल्ली बाह्या खाली? भट्टीसमोर उभा राहणारा माणूस तू, जन्मभर कोपरापर्यंत बाह्या दुमडून फिरलास.”

“थंडी वाजते,” बेकरीवाला म्हणाला.

“बेकरीत?”

“वाजते म्हटलं ना.”

थंडी वगैरे काही वाजत नव्हती. ट्रे उचलून उचलून त्याचं डावं मनगट धरलं होतं, आणि त्याच्या ताईने त्याला मनगटात घालायला एक काळा पट्टा आणून दिला होता. “रोज घाल, महिन्यात गुण येतो, माझ्या गुडघ्याला आला,” असं तिने बजावलं होतं. घड्याळजीला हे कळलं असतं तर संपलंच. पूर्वी ताईनेच दिलेली तांब्याची अंगठी बेकरीवाल्याच्या बोटात दिसली होती, तेव्हा घड्याळजी त्याला पुढचे कित्येक दिवस ‘महाराज’ म्हणायचा, आणि पाव घ्यायला आला की काउंटरसमोर वाकून मुजरा करायचा. म्हणून पट्टा बाहीच्या आत, घड्याळाच्या वर सरकवलेला, आणि बाहीचं बटण घट्ट लावलेलं.

एकदा दुपारी दुकान जरा ओसरलं होतं. बेकरीवाला भट्टीच्या मागे ट्रे पुसत होता. वरची जमीन लाकडी, तिला फटी होत्या. वर तिघं आली होती आणि बोलत होती. त्याचे कान टवकारले.

“पण त्यांना सांगणार कोण?” हा पोस्टमनचा आवाज.

“मी नाही सांगणार,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मी रोज लोकांना दात काढावा लागेल म्हणून सांगते, तेवढं पुरे.”

मग घड्याळजी, हळू आवाजात, “प्रदर्शनापर्यंत तरी काही बोलू नका. मी बघतो काय करायचं ते.”

बेकरीवाल्याच्या हातातला फडका तसाच राहिला. मी बघतो काय करायचं ते! त्याच्याच खोलीत बसून, त्याचेच बन खात, त्यालाच बाजूला सारायचं चाललं होतं. जड पायांनी तो जिना चढला. दार उघडलं तर तिघंही गप्प. पोस्टमन म्हणाला, “काका, आज हवा छान आहे.”

“हो का,” बेकरीवाला म्हणाला. “फारच छान.”

त्या दिवशी सगळे गेल्यावर त्याने चाळणी घेतली आणि टेबलांखालच्या जमिनीवर मैद्याचा पातळ थर चाळला. केकवर साखर भुरभुरवतात तसा, अगदी एकसारखा. त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दार लावून तो खाली आला.

दुसऱ्या दिवशी पाव काढून झाल्यावर तो वर गेला, गुडघ्यांवर बसला आणि वाकून बघितलं. फाट्याच्या बरोबर खाली मैदा विस्कटलेला होता. दोन गुडघ्यांच्या खुणा, एका पंजाची खूण. मागे मोज्यांचे ठसे. बूट काढून काम करणारा माणूस त्या खोलीत एकच होता.

खात्री पटल्यावर समाधान वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण तो बराच वेळ तसाच जमिनीवर बसून राहिला.

संध्याकाळी सगळे जमले. तो मुद्दाम कंट्रोलवर बसला. डावा हात नेहमीसारखा टेबलाच्या कडेवर टेकवला, उजव्याने मूठ फिरवली. गाडी निघाली. आज ती जरा हळूच चालली होती, मूठ पूर्ण फिरवली तरी. पूल ओलांडला. फाटा आला. खट्!

बेकरीवाल्याने डब्यांकडे बघितलंही नाही. “काल टेबलाखाली काय करत होतास?” त्याने घड्याळजीला विचारलं.

घड्याळजीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. “कोण, मी?”

“नाही, मी. मीच मोजे घालून मैद्यात रांगत होतो.”

घड्याळजीने खाली बघितलं. पॅन्टच्या गुडघ्यावर अजून पांढरं होतं. त्याने ते झटकलं, आणि बेकरीवाल्याच्या मनात उरलीसुरली शंकाही गेली.

“तू मैदा पसरलास?” घड्याळजी हळू म्हणाला. “मला पकडायला?”

“काय करत होतास ते सांग.”

घड्याळजीने डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. त्यांनी अगदी किंचित मान हलवली, नको अशी. ते बेकरीवाल्याने टिपलं.

“दुरुस्ती,” घड्याळजी म्हणाला.

“मग गाडी का घसरते?”

“ते मला माहीत नाही.”

“तुला माहीत नाही! सगळ्या तारा तुझ्या, सांधा तुझा, किल्ली तुझ्याकडे, आणि तुला माहीत नाही. पॅसेंजर तुला चालवायची होती तर तोंडाने मागायची होतीस रे. मी दिली असती. हे असं चोरासारखं...”

“चोरासारखं,” घड्याळजी म्हणाला. तो शब्द त्याने नुसताच उच्चारला, एखादा अनोळखी पुर्जा हातात घेऊन बघावा तसा. मग खाली बसून बूट घातले, सावकाश, दोन्ही. खिशातून किल्ली काढून मालधक्क्यावर, छोट्याशा क्रेनशेजारी ठेवली आणि जिना उतरून गेला.

“काका, तुम्ही हे बरं नाही केलं,” पोस्टमन म्हणाला.

“तुला कुणी विचारलं?”

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याने कुलूप बदललं.

बायकोला त्याने सगळं सांगितलं. ती पावांच्या पिशव्या भरत होती. “अहो, त्या माणसाने तुमच्यासाठी आजवर काय काय केलंय,” ती म्हणाली. “तो कशाला तुमची गाडी पाडेल?”

“तेच तर. कुणाला वाटणारच नाही.”

“तुमच्या डोक्यात एकदा काही शिरलं ना...” असं म्हणून तिने पिशवीला गाठ मारली.

त्याच सुमाराला घड्याळानेही दगा द्यायला सुरुवात केली. चावीचं जुनं घड्याळ, वडिलांचं. ते पुढे पळायला लागलं. पावाचे ट्रे त्याने दोनदा वेळेआधी बाहेर काढले, आणि पांढरे फटक पाव बघून गिऱ्हाइकं म्हणाली, “आज भट्टीला सुट्टी होती का?” ते घड्याळ काही दिवसांपूर्वी घड्याळजीनेच साफ करून दिलं होतं. म्हणजे यातही त्याचाच हात! बेकरीवाल्याने दातओठ खाल्ले. एका माणसाने ठरवलं की तो दुसऱ्याचं काय काय बिघडवू शकतो!

घड्याळजीकडे जायचा तर प्रश्नच नव्हता. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला एक घड्याळदुरुस्तीवाल्या बाई होत्या. त्यांच्याकडे तो गेला. जाताना आपण कुणाला दिसत नाही ना, हे त्याने वळून बघितलं, आणि असं का बघतोय म्हणून स्वतःवरच चिडला.

बाई बुटक्या, चष्म्यावर आणखी एक भिंग लावलेल्या. त्यांनी घड्याळ कानाशी धरलं, झाकण उघडलं, आत डोकावल्या.

“साफ कुणी केलंय?”

“का? बिघडवलंय?”

“नाही हो. सुरेख केलंय. मला असा हात लाभला असता तर मी दुकान दुप्पट मोठं केलं असतं.” मग त्यांनी खणातून एक छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ धरलं. त्यातली सुई गर्रकन फिरली. “हं. घड्याळात चुंबक भिनलंय. आतल्या बारीक तारेचे वेढे एकमेकांना चिकटतात, मग घड्याळ पळत सुटतं. जवळ लोहचुंबक कुठे ठेवता?”

“मी बेकरीवाला आहे. माझ्याकडे कुठलं लोहचुंबक?”

“असणार काहीतरी. हात बघू.” त्यांनी होकायंत्र त्याच्या डाव्या हाताजवळ नेलं. सुई नुसती वळली नाही, थरथरायला लागली. बाईंनी त्याच्या बटण लावलेल्या बाहीकडे बघितलं आणि भुवई उचलली.

बेकरीवाल्याने बाही वर केली.

“अगं बाई! हे तर चुंबकाचे पट्टे विकतात ते. याने दुखणं जातं की नाही ते देव जाणे, पण घड्याळ नक्की जातं.” त्या हसल्या. तो हसला नाही. त्याला मालगाडीच्या इंजिनाचं पोट आठवलं. ते एकदा पुसताना त्याला खाली चिकटवलेली एक काळी चकती दिसली होती, आणि घड्याळजी ओरडला होता, “तिला हात लावू नको, तीच तर सगळी गंमत आहे.” त्याने तेव्हा पुढे विचारलं नव्हतं.

घड्याळ बाईंकडेच टाकून तो जवळजवळ धावत परत आला. दुकानात बायको काहीतरी म्हणाली, ते त्याला ऐकूच आलं नाही. वर जाऊन त्याने वीज चालू केली. पट्टा मनगटातून काढला आणि टेबलाच्या कडेवर, जिथे तो नेहमी डावा हात टेकवायचा तिथून जरा पुढे, फाट्याच्या अगदी जवळ सरकवला.

खट्.

सांधा फिरला. कुणीही कशालाही हात लावला नव्हता. पट्टा उचलला, सांधा परतला. पुन्हा ठेवला. खट्.

घड्याळजीच्या करामतीला मालगाडीच्या पोटातलं चुंबक कळायचं, तसंच बेकरीवाल्याच्या मनगटातलंही कळत होतं. गाडी सांध्यावर आली की तो बघायला पुढे झुकायचा, हात फाट्याकडे सरकायचा, गाडी अर्धी गेलेली असतानाच सांधा फिरायचा, आणि मागचे डबे धक्क्याची वाट धरायचे. पाडणारा त्या खोलीत होताच, आणि तो स्टुलावर बसलेला होता.

आता खरं म्हणजे त्याने तडक घड्याळजीकडे जायला हवं होतं. तो गेला नाही. चोरासारखं म्हणून बसल्यावर त्या माणसासमोर बाही वर करायची आणि ताईचा पट्टा दाखवायचा, हे त्याच्याने होईना. त्याने स्वतःची समजूत घातली, की आधी गाडी नीट चालते का बघू. पट्टा खणात टाकला.

पुढच्या बैठकीला डॉक्टरीणबाई आणि पोस्टमन आले. दोघंही परक्याच्या घरी आल्यासारखे बसले. बेकरीवाल्याने गाडी सोडली. पूल, फाटा, स्टेशन. पुन्हा एक फेरी. पुन्हा एक. एकदाही घसरली नाही.

पोस्टमन बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे... तुमचं खरंच होतं, काका. ते गेले आणि गाडी रुळावर आली.”

डॉक्टरीणबाईंच्या हातात एक अर्धवट झाड होतं. त्यांनी ते खाली ठेवलं. “मला वाटलं नव्हतं त्यांच्याबद्दल असं,” त्या म्हणाल्या. “कधीच वाटलं नव्हतं. माझ्या समोर बसून किती काळजी असल्यासारखं बोलायचे हो ते.”

बेकरीवाल्याचं एक वाक्य पुरलं असतं, पण ते तोंडातून निघेना. गाडी फिरतच राहिली. ती थांबवायचंही त्याला सुचलं नाही. शेवटी दोघं उठून गेले, आणि जिन्यात पोस्टमन म्हणत असलेला त्याला ऐकू आला, “वाचनालयात सांगून ठेवायला हवं, त्यांना तारांच्या जवळ येऊ देऊ नका म्हणून.”

तेवढं ऐकल्यावर मात्र तो जिन्यावर धावला. “थांबा! वर या. दोघंही वर या.”

ते वर आले. त्याने खण उघडला, पट्टा काढला, टेबलाच्या कडेवर ठेवला. खट्. उचलला. ठेवला. खट्.

“हा माझ्या हातात असायचा,” तो म्हणाला. “बाहीच्या आत. तुम्ही मगाशी त्याच्याबद्दल बोललात तेव्हा मला माहीत होतं, आणि मी गप्प बसलो.”

डॉक्टरीणबाईंनी पट्टा हातात घेऊन बघितला आणि त्या एकदम खाली बसल्या. “म्हणून बाह्या खाली? अहो, आम्हाला वाटलं तुमचा हात कापतो!”

“काय?”

“सारखं मनगट चोळायचात. बाही खाली ओढायचात. आणि गाडी फक्त तुमच्याच हातून पडायची. मला वाटलं, काहीतरी आजार सुरू झालाय आणि तुम्ही लपवताय. मीच घड्याळजींना म्हटलं. मग तुम्हाला सांगायचं कुणी, यावर आमची खलबतं.”

“आणि तो टेबलाखाली?”

“वेग कमी करत होते,” पोस्टमन मान खाली घालून म्हणाला. “तुमच्या कंट्रोलचा. म्हणाले, गाडी हळू आली तर हात हलला तरी सांभाळून घेईल. तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. प्रदर्शनात तुम्हीच गाडी चालवायला हवी, असं सारखं म्हणायचे. मला... मलाही आत्ता त्यांच्याबद्दल वाटायला नको होतं ते वाटलं.”

बेकरीवाल्याने खुंटीवरचा कोट घेतला.

घड्याळजीच्या दुकानाचं दार उघडंच होतं. तो बाकावर वाकलेला, डोळ्याला भिंग. वर न बघता म्हणाला, “बसा, येतोच.” मग वर बघितलं आणि भिंग डोळ्यावरून काढलं नाही. एक डोळा मोठा, एक लहान, अशा चेहऱ्याने तो बघत राहिला.

बेकरीवाला उभाच राहिला. जे झालं ते त्याने उभ्याउभ्या सांगितलं. पट्टा, ताई, बाही, बाजारातल्या बाई, होकायंत्र. आज वर काय झालं आणि तो कसा गप्प बसला, तेही. मधे कुठे थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढे बोलता आलं नसतं.

घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं. “घड्याळ तिच्याकडे नेलंस,” तो म्हणाला.

“हो.”

“वडिलांचं.”

“हो.”

“पट्ट्याचं मी समजू शकतो. मी थट्टा केली असती, हे खरंय. मैद्याचंही एक वेळ समजतो. मी तुझ्या पाठीमागे काहीतरी करत होतो, ते तुला दिसलं. पण घड्याळ मी बिघडवेन? तू मला काय समजलास रे?”

“चुकलो,” बेकरीवाला म्हणाला.

“चुकलास ते दिसतंयच. आणि मी तुला आजारी समजलो. तुझा हात धरून विचारायचं सोडून टेबलाखाली शिरलो. तेही काही शहाणपण नव्हे.” त्याने भिंग काढून बाकावर ठेवलं. “पण आत्ता मला तुझ्याशी बोलायचं नाही. जा तू.”

“प्रदर्शनाला...”

“जा म्हटलं ना.”

प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी घड्याळजी आला, पण बघायला आलेल्या लोकांमध्ये. दोरीच्या पलीकडे, मागे हात बांधून उभा. तारा जोडताना पोस्टमनची तारांबळ उडाली होती. सिग्नल हिरवे व्हायच्या जागी लाल होत होते. घड्याळजी ते नुसता बघत होता. बेकरीवाल्याने बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. त्याने गाडी चालवली. ती घसरली नाही, पण त्याचा चेहरा काही फुलला नाही, आणि लोक मुकाट्याने गाडीकडेच बघत राहिले. मधूनच त्याने दोरीकडे नजर टाकली, तर घड्याळजी गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला सभागृहात आला तेव्हा घड्याळजी आधीच आत होता. टेबलाबाहेर त्याचे मोज्यांतले पाय दिसत होते.

“कोण आहे?” बेकरीवाल्याने विचारलं, दिसत असूनही.

“मी आहे,” खालून आवाज आला. “कुलपाची किल्ली वाचनालयाच्या बाईंकडून घेतली. सांगून घेतली. हिरवी तार जिथे लावलीय तिथे ती लावणाऱ्याला जेलमध्ये टाकायला पाहिजे. बॅटरी धर.”

बेकरीवाला खाली बसला आणि त्याने बॅटरी धरली. कितीतरी वेळ ते दोघे त्या टेबलाखाली होते. बोलणं झालं ते फक्त तारांबद्दल. पहिल्यासारखं झालं असं म्हणता येणार नाही. घड्याळजी पुढे पुष्कळ दिवस काहीही करायच्या आधी मोठ्याने सांगायचा, “मी आता हे उघडतोय हं,” आणि ते ऐकलं की बेकरीवाल्याचे कान गरम व्हायचे. पण सांगायचा, आणि उघडायचा.

प्रदर्शन संपल्यावर टेबलं परत वर न्यायची होती. डोंगराचं टेबल सगळ्यात जड. जिन्याच्या वळणावर ते दरवर्षी अडायचं, तसं याही वर्षी अडलं.

“तिरकं कर,” घड्याळजी वरून म्हणाला.

“तिरकंच आहे. तू वर उचल.”

“उचललंय. तू ढकलतोस कुठे, भिंतीत?”

“भिंतीत नाही, तुझ्या टाळक्यात.”

खाली डॉक्टरीणबाई दार धरून उभ्या होत्या. “अहो, डोंगराचं टोक जाईल!” त्या ओरडल्या.

“जाऊ दे,” दोघे एकदमच म्हणाले, आणि टेबल वळणावरून निघालं.